घाटात थांबायचं कधी, हे दुकानातून गाडी निघायच्या आधी ठरवा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पावसाळ्यातल्या डिलिव्हरीबद्दल बोललो. व्हिडिओ बारा मिनिटांचा. त्यात आकडे मांडायला गेलं की लोक पुढे ढकलतात, हे मला माहीत आहे. म्हणून ते आकडे आणि बाकीचा तपशील इथे लिहितोय. ज्यांची स्वतःची गाडी आहे, किंवा जे भाड्याच्या छोट्या हत्तीतून माल पाठवतात, त्यांनी वही घेऊन बसा. ज्यांची गाडी नाही त्यांनीही वाचा, कारण अर्ध्यानंतर विषय गाडीवरून गल्ल्यावर येणार आहे.

माझं कराडला पॅकेजिंगचं दुकान आहे हे जुन्या प्रेक्षकांना ठाऊक आहे. मिठाईचे बॉक्स, केकचे बेस, कागदी प्लेटा, पार्सलचे डबे. गिऱ्हाईक निम्मं देशावरचं आणि निम्मं चिपळूण, गुहागर, खेडकडचं. म्हणजे कुंभार्ली घाट माझ्या धंद्याच्या बरोबर मध्ये उभा आहे. त्यात आमचा सगळ्यात मोठा सीझन गणपतीचा, आणि गणपती येतात ऐन पावसात. बॉक्स म्हणजे कागद. कागद भिजला की त्याची किंमत रद्दीची. त्यामुळे पाऊस, धुकं, घाट हा माझ्यासाठी सहलीचा विषय नाही, खर्चाचा आहे.

"संकटात डोकं शांत ठेवा" हे वाक्य तुम्ही प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकलं असेल. मी बीबीए करत होतो तेव्हाही ऐकलं. कसं ठेवायचं ते कोणी सांगत नाही. माझा अनुभव असा आहे की डोकं शांत राहणं हा स्वभाव कमी आणि तयारी जास्त असते. आणि डिलिव्हरीच्या बाबतीत तर मी पुढे जाऊन म्हणेन की घाटात गाडी चालवणाऱ्याचं डोकं शांत ठेवायचं निम्मं काम दुकानात खुर्चीवर बसलेल्या मालकाचं असतं. ते कसं, ते सांगतो.

आधी गाडीचा हिशेब

एक साधा नियम आहे. जेवढं समोरचं दिसतं, तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. धुकं असो, पाऊस असो, रात्र असो, नियम हाच. आता हा नियम आकड्यात बघू.

ताशी 60 किलोमीटरने गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 17 मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला अंदाजे 20 मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर 35 च्या आसपास. एकूण झाले 52 मीटर. हे सपाट रस्त्यावर, बऱ्या टायरचे, माल न भरलेल्या गाडीचे. घाटाचा उतार, गाडीत 600 किलो माल आणि झिजलेले टायर असतील तर अंतर आणखी वाढतं.

आता वेग निम्मा करा. ताशी 30. त्याच ओल्या रस्त्यावर विचार करायला 8 मीटर आणि थांबायला 9, एकूण 17. लक्षात आलं का? वेग निम्मा केला की ब्रेकचं अंतर निम्मं होत नाही, चौथाई होतं. वेग दुप्पट केला तर ते चौपट. हे भौतिकशास्त्र आहे, यात ड्रायव्हरच्या वीस वर्षांच्या अनुभवाने फरक पडत नाही. "मला रस्ता पाठ आहे" असं म्हणणाऱ्याला रस्ता पाठ असतो, पण रस्त्यावर मघाशी पडलेली दरड पाठ नसते.

हेळवाकच्या पुढे घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी वीस मीटर पण दिसत नाही. वर दिलेल्या हिशेबाने तिथे ताशी 30 सुद्धा जास्तच आहे. 20 ने गेलं तर साधारण दहा मीटरमध्ये गाडी उभी राहते. लोक मागून हॉर्न मारतात. मारू द्या. त्यांचा माल वेगळा, आपला वेगळा.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो, कारण चांगल्या ड्रायव्हरला या माहीत असतात आणि मालकाला नसतात. धुक्यात अप्पर लाईट लावायचा नाही. पाण्याच्या कणांवरून तोच उजेड आपल्या डोळ्यावर परत येतो आणि होतं तेवढंही दिसेनासं होतं, म्हणून डिप्परवरच चालायचं. चारही इंडिकेटर लावून चालत राहायचं नाही, कारण मग तुम्ही वळणार आहात की नाही ते मागच्याला कळत नाही. ते उभ्या गाडीसाठी आहेत. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे चिकटून जायचं नाही. तो चुकला तर तुम्ही दोघं चुकता. घाट ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरायचा, न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही, मग डिझेल कितीही वाचत असो. अरुंद जागी उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. काच आतून धूसर झाली तर एसी असेल तर एसीची हवा काचेवर घ्यायची, नसेल तर दोन्हीकडची काच बोटभर उघडी ठेवायची. आणि टायर बघायचे. खाचांमध्ये मधेमधे छोटे रबरी उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीवर आला, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटरच उरली, की टायर संपला. पावसात तो टायर रस्त्यावर चालत नाही, पाण्यावर तरंगतो.

थांबायची वेळ आली तर रस्त्यावर थांबायचं नाही, हे मात्र मोठ्याने सांगतो. घाबरलेला माणूस जिथे घाबरला तिथेच ब्रेक मारतो, आणि मागून येणाऱ्या ट्रकला तो दिसत नाही. हळू हळू का होईना, रस्ता सोडून बाहेर जागा मिळेपर्यंत जायचं. टपरी, पेट्रोल पंप, मोकळं मैदान, काहीही. कड्याखाली नाही, झाडाखाली नाही, ओढ्याकाठी नाही.

परत फिरायचं कुठून

घाटाची गंमत अशी की एकदा उतरायला सुरुवात केली की मागे वळायला जागा नसते. मग माणूस स्वतःला समजावतो, "आता आलोच आहोत तर जाऊ." धंद्यात पण हेच होतं बरं का, त्यावर पुढे येतो. म्हणून परत फिरायचा किंवा थांबायचा निर्णय घाटात घ्यायचा नसतो, घाटाच्या आधी घ्यायचा असतो. आमच्या गाडीसाठी ती जागा हेळवाक आहे. तिथे गाडी उभी राहणार म्हणजे राहणार. चहा होईल, दोरी-ताडपत्री तपासली जाईल, खालून वर आलेल्या दोन ड्रायव्हरना विचारलं जाईल, आणि मग ठरेल.

ठरवायच्या अटी कागदावर लिहून गाडीच्या सनशेडला लावल्या आहेत. तीनच आहेत. हवामान खात्याचा सातारा घाट किंवा रत्नागिरीसाठी रेड अलर्ट असेल तर गाडी कराडमधूनच निघणार नाही. हेळवाकला समोरचा विजेचा एक खांब दिसला आणि दुसरा दिसला नाही तर थांबायचं. संध्याकाळी साडेपाचनंतर घाटात उतरायचं नाही. एवढंच. चौथी अट लिहिली असती तर कोणी वाचली नसती.

अलर्टबद्दल थोडं. आपल्याकडे लोक दुकानाबाहेर येऊन आकाश बघतात आणि म्हणतात, "ऊन पडलंय की." कराडला ऊन असतं तेव्हा कोयनानगरला धो धो चालू असतो, यात नवीन काही नाही. हवामान खातं घाटभागासाठी वेगळा इशारा देतं, तो बघा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. बातमीत "अतिवृष्टी" हा शब्द सरसकट वापरतात, पण खात्याच्या भाषेत आकडे पक्के आहेत. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार, 115.6 पासून खूप जोरदार, आणि 204.4 च्या वर अत्यंत जोरदार. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता. त्या आकड्याशेजारी हे आकडे ठेवून बघा, म्हणजे अंदाज येईल.

मालकाचा फोन

आता मुख्य मुद्दा. गाडी घाटात आहे. दुकानात मालक बसलाय. चिपळूणहून गिऱ्हाइकाचा फोन येतो, "कुठवर आली गाडी?" मालक लगेच ड्रायव्हरला फोन लावतो, "कुठवर आलात? लवकर बघा जरा." दहा मिनिटांनी परत. ड्रायव्हर एका हाताने फोन घेतो, किंवा घेत नाही पण त्याच्या डोक्यात तो वाजत राहतो. तो वेग वाढवतो. त्याला पावसाची भीती कमी वाटते, मालकाच्या आवाजाची जास्त वाटते. मग अपघात झाल्यावर आपण म्हणतो, ड्रायव्हरने घाई केली. घाई कोणाची होती?

मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. गणपतीला चार दिवस होते. चिपळूणच्या एका मिठाईवाल्या काकांचा मोदक बॉक्सचा माल होता, 42 हजारांचा. गाडीवर आमचे मामा. वयाने मोठे, पंचवीस वर्षं स्टेअरिंगवर. दुपारी चारला हेळवाकहून त्यांचा फोन आला.

"मालक, पहिला खांब पण अर्धाच दिसतोय."

"मग थांबा मामा. जेवलात का?"

"जेवतो. पण तिकडं माल लागतोय ना त्यांना?"

"ते माझ्यावर सोडा. गाडी कुठे लावलीय?"

"हाटेलाच्या मागं, आत घेतलीय."

"ताडपत्री डबल करा. सकाळी उजाडल्यावर बघू. मुक्कामाचे पैसे लगेच पाठवतो."

एवढाच फोन. नंतर मी त्यांना रात्रभर एकदाही फोन केला नाही. हे "एकदाही नाही" सगळ्यात अवघड असतं, हे मात्र मान्य करतो. हात फोनकडे जातो.

मग काकांना फोन लावला. त्यांचा यायच्या आधी.

"काका, गाडी हेळवाकला थांबवलीय. धुकं फार आहे. आज माल येत नाही."

"अहो असं कसं, उद्या सकाळी मी कारागीर बोलावलेत. बॉक्स नसतील तर मोदक ठेवू कशात, परातीत?"

"उद्या दुपारपर्यंत येईल, धुकं निघालं तर. नक्की सांगत नाही. सकाळी सात वाजता मी तुम्हाला फोन करतो, तुम्ही करू नका. तोवर तुम्हाला किती लागतील? पाचशे भागतील? चिपळूणमध्ये माझं दुसरं गिऱ्हाईक आहे, त्यांच्याकडून उसने देतो."

काका चिडले होतेच. पण पाचशे बॉक्स त्यांना रात्री नऊला मिळाले, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गोडाऊनमधून. साधे पांढरे, त्यांच्या नावाची छपाई नसलेले. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पोचली. काकांनी 42 हजारांतला दहा हजारांचा माल परत पाठवला, म्हणाले आता नको. नावाची छपाई असलेला माल म्हणजे दुसऱ्याला विकता येत नाही. मुक्काम, भत्ता, उसन्या मालावर दिलेली सूट आणि परत आलेला माल मिळून मला त्या ट्रिपमध्ये साधारण साडेबारा हजारांचा फटका बसला. नफा तर गेलाच, वर खिशातून गेले. पण हा आकडा मला आधीच माहीत होता. सीझन सुरू व्हायच्या आधी वहीत लिहिलेलं असतं, "घाट बंद : तीन ट्रिप, 30 हजार." गणपतीच्या सगळ्या ऑर्डरींच्या दरात तो थोडा थोडा वाटून घातलेला असतो. म्हणून "थांबा मामा" म्हणताना आवाज बदलला नाही. ते पैसे बाजूला काढलेले नसते तर माझा आवाज बदलला असता, आणि मामांना तो कळला असता.

तुम्ही म्हणाल, आम्ही नवीन आहोत, तीन ट्रिपचे पैसे कुठून काढणार? बरोबर आहे. मग निदान वेळ काढून ठेवा. गिऱ्हाइकाला "बुधवारी माल देतो" म्हणायच्या ऐवजी पावसाळ्यात "बुधवार ते शुक्रवार" म्हणा, आणि गाडी मंगळवारी काढा. दोन दिवस हातात असणं म्हणजे फुकटचा विमा आहे. आणि ड्रायव्हरला एक गोष्ट तोंडाने, चार लोकांसमोर सांगून ठेवा : थांबायचा निर्णय तुमचा, मी त्यावर कधी काही बोलणार नाही. पगारातून कापणार नाही. नंतर टोमणा पण मारणार नाही. टोमणा मारला की पुढच्या वेळी तो माणूस थांबत नाही.

रस्त्यावर पाणी आलं तर

याबाबतीत माझं मत कडक आहे. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही. किती पाणी आहे हे बघायचंच नाही. गुडघ्याच्या खाली असलेलं, साधारण 30 सेंटीमीटर वाहतं पाणी लहान गाडीला उचलायला पुरतं, आणि 60 सेंटीमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. वरून ते गढूळ दिसतं, खाली रस्ता शिल्लक आहे का हे कळत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस आणि इतर वाहनं माणसांसकट गेली. अंधारात येणाऱ्याला पुढे पूल नाही हे कसं कळणार? रोजचा रस्ता होता तो.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी शिरलं असेल तर पाणी दाबलं जात नाही आणि आतलं सगळं वाकतं. धक्का मारून बाहेर काढा, मेकॅनिक बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033, आणि कुठेही असाल तर 112 हे दोन नंबर ड्रायव्हरच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. नुसते सांगू नका, स्वतः फोन घेऊन सेव्ह करा.

कागद

हे कंटाळवाणं आहे, पण अडकलेल्या गाडीत सगळ्यात जास्त घाम यानेच फुटतो. परराज्यातून 50 हजारांच्या वरचा माल येत असेल तर ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस. ऑगस्ट 2019 मध्ये आणि परत जुलै 2021 मध्ये पुराने पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला बंद झाला, गाड्या दिवसेंदिवस रांगेत उभ्या होत्या. अशात ई-वे बिल संपतं. घाबरायचं कारण नाही. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ती पोर्टलवर वाढवता येते, आणि कारणांच्या यादीत नैसर्गिक आपत्ती आहे. फक्त ते आठ तास हुकवायचे नाहीत. मोबाईलला गजर लावा.

विमा. गाडीच्या पॉलिसीत गाडीतला माल नसतो, हे बऱ्याच जणांना क्लेम नाकारल्यावर कळतं. मालाच्या वाहतुकीचा विमा वेगळा. पाण्याने बिघडलेल्या इंजिनचा खर्चही साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर असतं. तुमच्या गाडीला मिळतं का ते एजंटला विचारा. दुकानासाठी 1 एप्रिल 2021 पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आहे, एका जागी 5 कोटीपर्यंत मालमत्ता असलेल्या छोट्या व्यवसायांसाठी. त्यात पूर येतो. आपल्यासारख्यांना ती पुरते.

आता गल्ला

गाडीचा नियम काय होता? दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. दुकानाला तोच लावा.

समजा तुमचं भाडं 12 हजार, दोन मुलांचा पगार 22 हजार, लाईट बिल 3 हजार, हप्ता 9 हजार. महिना 46 हजार, म्हणजे विक्री शून्य असली तरी रोजचे 1,533 रुपये जातात. तुमच्याकडे हातात आणि बँकेत मिळून 60 हजार आहेत. भागिले 1,533. उत्तर 39. म्हणजे विक्री पूर्ण बंद झाली तरी तुमच्याकडे 39 दिवस आहेत. हा आकडा माहीत असलेला माणूस आणि "पैसे आहेत थोडेफार" म्हणणारा माणूस, यांच्या झोपेत फरक असतो. उधारी यात धरायची नाही. अडचणीच्या काळात उधारी धुक्यातच असते.

आणि समोर किती दिसतंय ते विचारा. चांगल्या काळात मला दोन महिन्यांच्या ऑर्डरी दिसतात, तेव्हा दोन महिन्यांचा माल भरतो. वाईट काळात दहा दिवस दिसतं, तेव्हा दहा दिवसांचाच भरतो, मग पुरवठादार कितीही स्कीम देवो. गोडाऊनमध्ये पडलेला तीन महिन्यांचा माल म्हणजे ताशी साठने धुक्यात शिरणं आहे. बंद पण करायचं नाही, बरं. काही जण घाबरून खरेदी एकदम थांबवतात, फोन उचलत नाहीत, शटर अर्धं ओढतात. हे घाटात रस्त्याच्या मधोमध ब्रेक मारण्यासारखं आहे. पुरवठादार मागून येतोय, त्याला तुम्ही दिसत नाही. त्याला आधी फोन करा. "पंधरा तारखेला पूर्ण देता येत नाहीत, निम्मे देतो, उरलेले तीस तारखेला" हे बारा तारखेला सांगितलं तर तो कुरकुरतो आणि ऐकतो. सोळा तारखेला सांगितलं तर तो फक्त कुरकुरतो.

2020 आठवा. 25 मार्चपासून लॉकडाऊन लागला आणि दोनच दिवसांत, 27 मार्चला, रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. बाजारात सगळे म्हणायला लागले, हप्ता माफ झाला. माफ झाला नव्हता, व्याज चालूच होतं. ज्यांच्याकडे हप्ता भरायला पैसे होते आणि तरी त्यांनी तो पुढे ढकलला, त्यांना त्या महिन्यांचं व्याज नंतर भरावं लागलं. ज्यांचे खरोखर 39 च दिवस होते, त्यांच्यासाठी मात्र ती मुभा देवासारखी धावून आली. एकच सवलत, दोघांसाठी वेगळा अर्थ. कोणती आपली, हे कळायला स्वतःचा आकडा माहीत हवा.

पूर आला तर काय उचलायचं, हेही आधी ठरवा. 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. माझ्या तिथल्या गिऱ्हाइकांपैकी एकाने पहाटे पाणी चढताना आधी जड पोती वर टाकायला सुरुवात केली, कारण ती समोर होती. उधारीची वही खालच्या ड्रॉवरमध्ये राहिली. पोत्यांचा माल निम्मा वाचला. वहीतले पैसे मागायला हातात काही राहिलं नाही. त्याच पुरात तिथल्या एसटी आगारातले अधिकारी रोकड घेऊन बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले. त्यांच्या डोक्यात क्रम पक्का होता. तुमच्या दुकानाचा क्रम एका चिठ्ठीवर लिहा आणि गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवा : माणसं, मेन स्विच बंद, वह्या आणि रोकड, मग महाग आणि हलका माल, मग बाकी. वहीचे फोटो दर शनिवारी मोबाईलवर काढून घरच्या माणसाला पाठवले तर एक काम आधीच कमी होतं. विम्याच्या क्लेमलाही तेच फोटो लागतात.

शेवटी, हात थरथरायला लागले तर. लागतात, सगळ्यांचे लागतात. मामांची एक सवय आहे ती मी उचलली. धुक्यात ते जे दिसतं ते मोठ्याने बोलतात. "डावीकडं कठडा. पुढं वळण. ट्रक येतोय, डिप्पर दिला." क्लिनर हसतो, पण बोलत राहिलं की डोकं पुढच्या किलोमीटरवर पळत नाही, समोरच्या दहा मीटरवर राहतं. मी दुकानात हेच कागदावर करतो. आज काय आहे, आज कोणाला किती द्यायचेत, आज कोणाला फोन करायचाय. पुढच्या महिन्याचं त्या कागदावर लिहायला बंदी.

या आठवड्याचं काम सांगतो. तुमचे किती दिवस आहेत तो भागाकार करा. तुमच्या डिलिव्हरीच्या रस्त्यावर तुमचं हेळवाक कुठे आहे ते ड्रायव्हरसोबत बसून ठरवा, आणि तीन अटी त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तुमचे शब्द नकोत, त्याचे. पुढच्या व्हिडिओत ई-वे बिलाची मुदत मोबाईलवरून कशी वाढवायची ते स्क्रीनवर दाखवतो. आणि हो, ताडपत्री घ्यायची असेल तर जूनमध्ये घेऊ नका, मार्चमध्ये घ्या.

भेटू पुढच्या रविवारी.